जित्याची पेशी

१ ऑगस्ट १९८५, गुरुवार

आजपासून रोजनिशी. खटल्याला उपयोगी पडते म्हणतात. जे घडेल ते तारीखवार लिहायचं. भावना लिहायच्या नाहीत.

मुद्दा एवढाच. सात वर्षांपूर्वी सौंसरच्या कोर्टात माझी आणि गुणवंताची फारकत झाली. त्याच्या आईला सुनेची नोकरी नको होती आणि गुणवंताला आईच्या मतापलीकडे स्वतःचं मत नव्हतं. कोर्टानं हुकूम दिला, मुलगी स्मिता मोठी होईपर्यंत बापानं दर महिन्याला तिची खावटी द्यावी. बापानं आजतागायत एक छदाम दिला नाही. नाव मात्र गुणवंता. मी इथं पांढुर्ण्याला शाळेत बाई आहे, माझ्या पगारात माझं, स्मिताचं आणि आईचं भागतं, म्हणून गप्प होते. आता गप्प बसणार नाही. तत्त्वाचा प्रश्न आहे.

आई म्हणाली, सात वर्षं तत्त्व कुठं झोपलं होतं. आईला कायदा कळत नाही.

गेल्या महिन्यात तो बस स्टँडवर पाठमोरा दिसला होता. त्याचा याच्याशी काही संबंध नाही.

३ ऑगस्ट, शनिवार

संध्याकाळी लाइट गेले. मी चुलीपाशी. ओसरीवर कोणी खोकलं. दोनदा, आणि मग घसा साफ केल्यासारखं. तो घरात शिरण्याआधी असाच खोकायचा, आपण आलो हे सांगायला. बाहेर जाऊन पाहिलं. ओसरी रिकामी. बिडीचा वास मात्र होता.

शेजारचे नत्थूजी बिडी ओढतात. पण ते आठवडा झाला लेकीकडे मुलताईला गेलेत.

संकल्प: खोकल्याकडे लक्ष द्यायचं नाही.

६ ऑगस्ट, मंगळवार

किरकोळ रजा टाकून सौंसरला. वकील रघुनाथराव, वडिलांच्या ओळखीतले. आता वय झालंय, ऐकताना डोळे मिटतात, त्यामुळे ऐकतात की झोपतात ते कळत नाही. म्हणाले, कायद्यानं मागच्या एका वर्षाचीच वसुली होते, त्याआधीचं पाण्यात गेलं समजा. तरी अर्जी लावू. थोडेबहुत पैसे निघतील, पण माणूस सुधारेल अशी आशा धरू नका. मी म्हटलं, मला माणसाशी काय करायचंय, मला पैसे हवेत. त्यांनी एक डोळा उघडून माझ्याकडे पाहिलं.

एक महत्त्वाचं विचारून घेतलं. पेशीला, म्हणजे सुनावणीला, त्याला स्वतः यावं लागतं की नुसता वकील पाठवून चालतं? स्वतः यावं लागेल म्हणाले. बरं झालं. म्हणजे कायद्याच्या दृष्टीनं बरं झालं.

११ ऑगस्ट, रविवार

सकाळी चहा टाकला आणि तीन कप भरले. आईचा एक, माझा एक. स्मिता दूध पिते. तिसरा कोणाचा, असं आईनं विचारलं. नत्थूजी येतील, असं मी म्हणाले. नत्थूजी मुलताईला आहेत हे आईला पक्कं आठवत होतं. मग तो कप मीच प्यायले. त्यात दोन चमचे साखर निघाली. मी अर्धाच घेते. हात आपल्या सवयीनं चालतात, त्याला मी काय करणार.

२० ऑगस्ट, मंगळवार. पहिली पेशी.

साडी निळी. कोर्टात साधं दिसावं असं रघुनाथराव म्हणतात. ही साधी नाही पण जुनी आहे, म्हणजे साधीच झाली. कोणी घेतली होती हा प्रश्न इथं गैरलागू.

त्याच्याकडे एकदाही पाहिलं नाही. पांढरा ढगळ शर्ट, उजव्या बाहीचं बटन वेगळ्याच रंगाचं. कानामागे केस पिकलेत. डाव्या चपलेचा अंगठा शिवलेला. पोट थोडं सुटलंय. त्याची दुसरी बायको मंगला बटन लावताना दोऱ्याचासुद्धा रंग पाहत नाही असं दिसतं.

साहेबांनी नोटीस मिळाली का विचारलं. मिळाली म्हणाला. उत्तराला मुदत मागितली, ती मिळाली. संपलं. मी सकाळपासून भाषण पाठ करून बसले होते, "सात वर्षं या लेकराच्या तोंडातला घास" इथपासून. वाया गेलं असं म्हणणार नाही, पुढच्या वेळी कामाला येईल.

जाताना त्यानं सायकलची घंटी वाजवली. समोर रस्ता मोकळा होता. माणूस नाही, ढोर नाही. मग घंटी कोणासाठी? याचा विचार करायचा नाही असं ठरवलं. पांढुर्ण्यापर्यंत बसमध्ये तेवढंच ठरवत आले.

२१ ऑगस्ट, बुधवार

स्मितानं विचारलं, बाबा उंच आहेत का. तिला काही आठवत नाही, तेव्हा ती तीन वर्षांची होती. मी म्हटलं, मी पाहिलंच नाही. मग म्हणाली, पुढच्या वेळी मी येते. शाळा बुडते असं मी म्हटलं. तुझीही बुडते की, असं तिनं उत्तर दिलं. पोरगी उलट बोलायला लागली. कोणावर गेली ते उघड आहे.

कोर्टात लेकरांना नेऊ नये. तिथलं वातावरण चांगलं नसतं. शिवाय बसचं भाडं.

तिन्हीसांजेला मी ओसरीवर वाती वळत होते. आत हसण्याचा आवाज आला, आधी नाकातून आणि मग एकदम मोकळा. त्याचंच हसू. हातातली वात टाकून आत धावले. स्मिता आजीशी हसत होती.

२ सप्टेंबर, सोमवार

शाळेत सुविचार लिहायची पाळी माझी होती. "गुणवंत विद्यार्थी शाळेचे भूषण." काना एक जास्त पडला. अख्ख्या पाचवीनं एका सुरात वाचलं, गुणवंता विद्यार्थी शाळेचे भूषण. मी त्यांना आणखी दोनदा वाचायला लावलं. उच्चार तपासत होते.

मधल्या सुट्टीत अलकाबाईंनी फळा पुसला. त्यांचं माहेर सौंसरचं, गुणवंताच्याच आळीतलं. त्या काही बोलल्या नाहीत. न बोलण्याची त्यांची एक पद्धत आहे, ती मला आवडत नाही.

१५ सप्टेंबर, रविवार

काल पोळा, आज गोटमार, नदीच्या दोन्ही काठांवरून दगडफेक. आईनं सकाळीच खिडक्या लावून घेतल्या. नदीकडून आरडाओरडा ऐकू येत होता. तो लग्नाआधी दर वर्षी सौंसरहून गोटमार पाहायला यायचा. मी दुपारी गच्चीवर जाऊन बसले आणि उन्हात डोळे फुटेस्तोवर गर्दीकडे पाहत राहिले. इतक्या लांबून माणसं मुंग्यांएवढी दिसतात. त्यातला एक पाठमोरा तोच होता. मी पाहते आहे हे कळल्यासारखा थांबला, मान अर्धी वळवली आणि गर्दीत नाहीसा झाला.

माझी काळजी रास्त होती. त्याला दगड लागून काही झालं असतं तर खावटी कोण देणार?

आई म्हणाली, त्याले काई होत नाही, थो लागनाऱ्यातला हाय, लागून घेनाऱ्यातला नाही.

१७ सप्टेंबर, मंगळवार. दुसरी पेशी.

साडी हिरवी. (निळी त्यानं पाहिली आहे.)

त्यानं हिंदीत लेखी जबाब दिला. म्हणे मी बेरोजगार आहे. सौंसरातले अर्धे संत्र्याचे बगीचे हा माणूस फुलोऱ्यावरच सौदा करून घेतो आणि म्हणे बेरोजगार. शिवाय शब्द "बेरोजागर" असा लिहिलाय. मी पेन्सिलीनं दुरुस्त करणार होते, रघुनाथरावांनी हात धरला.

मग त्यांनी माझ्याकडे जुन्या हुकुमाची नक्कल मागितली. ती दाखवली की आजच वसुलीचं लागलं असतं म्हणे. मी म्हटलं, घरी राहिली. पुढची तारीख मिळाली, ८ ऑक्टोबर. रघुनाथराव चिडले. मला तेवढं वाईट वाटलं नाही. घाईनं न्याय होत नाही.

घरी येऊन पाहते तर नक्कल पर्समध्ये, रुमालात नीट घडी करून ठेवलेली. मी ठेवली नव्हती. म्हणजे ठेवल्याचं आठवत नाही. या घरात काहीतरी आहे.

मुख्य गोष्ट राहिलीच. कोर्टाबाहेर चहाच्या ठेल्यावर तो बाकाच्या दुसऱ्या टोकाला येऊन बसला. कपाकडे पाहत म्हणाला,

"बरी हायेस?"

मी उत्तर दिलं नाही. जे द्यायचं ते कोर्टात देईन. पण प्रश्न साधा नाही. "कशी हायेस" म्हणाला असता तर ती चौकशी झाली. "बरी हायेस" यात समोरची बरी असावी अशी इच्छा असते. व्याकरणाच्या दृष्टीनं लिहिते आहे.

२० सप्टेंबर, शुक्रवार

मी भाकरी थापत होते. आई मागे केव्हा येऊन उभी राहिली कळलंच नाही. मी तव्याला "बरी हाय" असं सांगत होते म्हणे, एकदा नाही, प्रत्येक भाकरीला. मी म्हटलं, भाकरीबद्दल बोलत होते. आईनं पदरानं डोळे पुसले आणि पहिल्यांदाच स्पष्ट बोलली.

"इंदू, तुले लागलं हाय. मेलेला मानूस लागला त कधी ना कधी सुटते वो. जित्ता लागला त कोन सोडवन?"

शिकलेल्या बाईनं अशा बोलण्याकडे दुर्लक्ष करावं. मी केलं. पण नंतर पाट मांडताना ओसरीवर खोकला झाला, आणि आईनंही मान वर केली. तिनंही ऐकलं. मग ती म्हणाली की नत्थूजी मुलताईहून आलेत. असतील.

१ ऑक्टोबर, मंगळवार

जामसांवलीचा मारुती, लागलेलं सोडवणारा. आईच्या समाधानासाठी गेले. एरवी लोकरूढीचा अभ्यास म्हणूनही जायला हरकत नसते.

मारुती निजलेला. झाडाखाली मोकळ्या केसांच्या बाया घुमत होत्या. एक उंच बाप्या हात जोडून कोणाची तरी माफी मागत होता, समोर कोणी नव्हतं. मला तिथं परकं वाटलं नाही, याचंच भय वाटलं.

मोहगावची एक म्हातारी आईला भेटली. सुनेला घेऊन दोन महिने तिथंच आहे, त्यामुळे सगळ्या रीती तिला तोंडपाठ. म्हणाली, आधी अर्जी लावायची, मग पेशी होते, पेशीत जो कोन असन थो बोलते, नाही बोलला त पुढची तारीख. मी चपापले. हे सगळं मी रघुनाथरावांच्या तोंडून ऐकलं होतं, फक्त ते डोळे मिटून सांगतात.

म्हातारीनं विचारलं, लागलेला घरचा की बाहेरचा. आई म्हणाली, जावई. मयत केव्हा झाला, असं विचारलं. आई म्हणाली, मेला नाही, सौंसरले रायते, सायकलवर फिरते.

म्हातारीनं मला वरून खालपर्यंत पाहून घेतलं. मग म्हणाली,

"बाई, जित्याची पेशी अठी नाही होत. थे सौंसरच्या कोर्टात होते."

आई ऐकेना. तिनं नारळ बांधलाच आणि त्याचं नाव, बापाचं नाव, गाव, आळी, सगळं मोठमोठ्यानं देवाला सांगितलं, जनगणनावाल्याला सांगावं तसं. पाचपंचवीस माणसं वळून पाहायला लागली. त्यातल्या दोघी सौंसरच्या आहेत हे त्यांच्या कुजबुजण्यावरून कळलं. मला लाज वाटायला हवी होती. पण सात वर्षांत त्याचं नाव इतक्या मोठ्यानं कोणी घेतलं नव्हतं, आणि मला ते ऐकत राहावंसं वाटलं.

निघताना एक घुमणारी बाई थबकली. केस बाजूला करून सरळ माझ्याकडे पाहिलं आणि बाप्याच्या आवाजात म्हणाली, बरी हायेस? मी आईचा हात धरला. आई म्हणते, ती "घरी जायचं" म्हणत होती.

८ ऑक्टोबर, मंगळवार. तिसरी पेशी.

साडी परत निळी. हिरवीचा काही उपयोग दिसला नाही.

तो खंगलाय. डोळे खोल गेलेत, गालफडं वर आलीत, मनगटाला काळा दोरा. माझ्याकडे पाहण्याची त्याची हिंमत झाली नाही. मी जिन्यापाशी उभी होते तर तो मागच्या दारानं आत गेला. ठेल्यावर मी बाकाची अर्धी जागा मोकळी ठेवून बसले, तो रस्ता ओलांडून पलीकडे पानटपरीमागे उभा राहिला. मनाला लावून घेतलंय त्यानं. कारण मी आहे असं मी म्हणणार नाही, पण दुसरं कारण दिसत नाही.

रघुनाथराव खुशीत. आज नक्कल होती, कारण त्यांनी चपराशी बस स्टँडवर पाठवून ती माझ्या पर्समधून काढून घेतली. म्हणाले, साहेब वसुलीचं वारंट काढायला तयार आहेत. मी म्हटलं, सणासुदीचं कशाला वारंट. दिवाळी होऊन जाऊ द्या. त्यांनी दोन्ही डोळे उघडले. म्हणाले, बाई, पन्नास वर्षं वकिली केली, पण कर्जदारापेक्षा सावकारालाच मुदत हवी असं पाहिलं नाही.

पुढची तारीख २६ नोव्हेंबर. लांब आहे. हे मात्र लक्षात आलं नव्हतं.

१४ ऑक्टोबर, सोमवार

अलकाबाई माहेरून आल्या. मी विचारलं नव्हतं, त्यांनीच सांगितलं. गुणवंताचं जेवणावर लक्ष नाही. झोपेतून दचकून उठतो आणि माझं नाव घेतो. इंदू, इंदू म्हणतो.

अलकाबाई पुढे काहीतरी सांगत होत्या, पण तेवढ्यात घंटा झाली. घंटा झाल्यावर वर्गाबाहेर थांबणं शिस्तीत बसत नाही.

पाचवीला आज गृहपाठ दिला नाही.

२७ ऑक्टोबर, रविवार

मी ठरवलंय, सूडबुद्धी ठेवायची नाही. माणूस चुकतो. आईच्या आहारी जाणं हा काही गुन्हा नाही, माझीही आई माझ्या घरात आहे. मंगलाशी माझं वैर नाही. ती कशी आहे हे अलकाबाईंना विचारलं. बरी आहे म्हणाल्या. "बरी" या शब्दात तसं काही नसतं.

खोकला आता रोज येतो, दिवे लागायच्या वेळेला. मी उठून पाहत नाही. तो ओसरीवर बसला असेल तर बसू दे.

१२ नोव्हेंबर, मंगळवार. दिवाळी.

स्मिताला नवा फ्रॉक, आबोली रंगाचा. दर वर्षी दिवाळीत ती एक पणती ओसरीच्या कोपऱ्यात, अंधारात नेऊन ठेवते. आज विचारलं, तिथं कशाला. म्हणाली, तू तिकडंच पाहत राहतेस म्हणून.

योजना पक्की केली. २६ला स्मिताला घेऊन जायचं. शाळा एक दिवस बुडली तर काही होत नाही. तो लेकराला सात वर्षांनी पाहील. हसली तर स्वतःचंच हसू ऐकेल. तिथंच विरघळेल. साहेबांना काही सांगावंच लागणार नाही. मग तिघं ठेल्यावर चहा घेऊ, स्मिताला दूध. पुढचं तिथं ठरेल. लग्न वगैरे मी म्हणत नाही. येणं-जाणं ठेवायला काय हरकत आहे? पेशीला येतो तसा.

स्मिताला सांगितलं. तिनं फ्रॉक काढून घडी करून ठेवला. म्हणाली, आता त्या दिवशीच घालीन.

२६ नोव्हेंबर, मंगळवार. चौथी पेशी.

लिहायला बसवत नाही. तारीखवार लिहायचं ठरलंय म्हणून लिहिते.

तो आला नाही. त्याचा धाकटा भाऊ श्रावण आला, काखेत कापडी पिशवी. पिशवीत सगळे पैसे. एका वर्षाचे नाही, सातही वर्षांचे. रघुनाथराव खुर्चीतून उठून उभे राहिले. कायद्यानं जे निघत नव्हतं ते आपल्या पायानं चालत आलं.

श्रावण मान खाली घालून बोलत होता. जवळजवळ दोन महिन्यांपूर्वी आळीत बातमी आली, की जामसांवलीला कोणी गुणवंताचं नाव भुताखेतांत घातलं. जित्या माणसाचं. त्याच्या आईनं अंथरूण धरलं. म्हणे, देवाच्या दारी मेल्यांत नाव लागलं तर आता माझा पोरगा वाचत नाही. तेव्हापासून घरादाराला लिंबू-मिरच्या, आणि गुणवंता माझी सावलीसुद्धा अंगावर पडू देत नाही. आता म्हातारीनं आपल्या अंगावरचे दागिने मोडून ही रक्कम पाठवली. अट एकच.

"वहिनी, पोरीचे सारे पैसे घ्या. पन त्याचं नाव तठून काहाडा."

मी विचारलं, स्वतः का नाही आला. श्रावण म्हणाला, तुमच्यासमोर यायले भेते. तुम्हीच लागल्या त्याले, असं घरचे म्हन्तात.

स्मिता आबोली फ्रॉक घालून माझ्या शेजारी उभी होती. ती श्रावणकडे पाहत होती, डोक्यापासून चपलेपर्यंत, घाई न करता. मग तिनं मला हळूच विचारलं, "हेच का?" श्रावणनं ऐकलं. तो म्हणाला, नाही बेटा, मी काका. त्यानं खिशात हात घातला, चाचपला, आणि रिकामाच बाहेर काढला.

रघुनाथरावांनी सही घेतली. मी विचारलं, पुढची तारीख कोणती. म्हणाले, कसली तारीख, बाई? तुम्ही जिंकल्या. मिटलं.

बसमध्ये स्मिता खिडकीला डोकं टेकून बसली. मी म्हटलं, आपण जिंकलो. ती म्हणाली, हो.

२९ नोव्हेंबर, शुक्रवार

रघुनाथरावांना अपील करता येईल का म्हणून फोन केला. जिंकलेल्यानं अपील करायचं नसतं म्हणाले.

पैसे स्मिताच्या नावानं पोस्टात ठेवले. तिला काय हवं विचारलं. काही नको म्हणाली.

एक गोष्ट नोंदवून ठेवते. मी त्याला लागले आहे. त्याच्या घरचेच तसं म्हणतात. म्हणजे तिथं, सौंसरला, त्या घरात, मी आहे. दिवे लागायच्या वेळेला तो ओसरीकडे पाहत असेल. दचकत असेल. सात वर्षं मला वाटायचं की हे एकाच बाजूचं आहे. तसं नाही. लोक याला काहीही नाव देवोत.

आज कितीतरी दिवसांनी झोप लागेल असं वाटतं. जामसांवलीला जाऊन नाव काढायची घाई नाही. राहू दे अजून थोडे दिवस.

३ डिसेंबर, मंगळवार

आईनं ऐकलं नाही. शब्द दिलाय म्हणाली, लेकराच्या नावानं पैसे घेतलेत. तिघी जामसांवलीला गेलो.

मोहगावची म्हातारी तिथंच होती. सून सुधारली, पण म्हातारीला आता घरी करमत नाही म्हणे. तिनं आम्हाला ओळखलं नाही, रोज इतके लोक येतात. आईनं सांगितलं, सौंसरच्या एका माणसाचं नाव मागं घ्यायचंय. म्हातारी म्हणाली, सौंसरचा तर मागच्या मंगळवारी एक येऊन गेला, आई अन् बायकोसंग, चांगला कमावता बाबू. त्याले लागली होती.

म्हणजे २६ तारीख. मी कोर्टात पायऱ्यांवर उभी होते तेव्हा.

आईनं मला दूर न्यायला पाहिलं. मी हलले नाही. कोण लागली होती, असं मीच विचारलं.

"पयली बायको. जित्तीच," म्हातारी म्हणाली. "आता जित्ते भी लागून राह्यले, बाप्पा. घरचे म्हने लय भारी हाय, सात वर्साची हाय, सोडनार नाही. कायची भारी. हलकीच होती. एका आरतीत निंगून गेली."

मी विचारलं, मग त्यानं काय केलं. म्हातारी म्हणाली, काय करन, मोकळा झाला, समोरच्या हाटेलात बसून पोटभर भजे खाल्ले अन् हासत हासत गेला.

आई नारळ सोडायला गेली. स्मितानं माझा हात धरला होता. तिनं विचारलं, कोण हलकी होती?

मी म्हटलं, आपल्या ओळखीची नाही.